अंबाळ्याच्या पायऱ्यांनी गडावर, रब्बी ठरवायला

धान कापून त्याचा कडपा बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या वावरात, पडला, की आमच्या घरी एक दिवस रामटेकच्या गडाचा असतो. नवस नाही, वारी नाही. मामाजींना वर जाऊन खिंडसी धरणाचं पाणी बघायचं असतं. ते बघितल्याशिवाय खालच्या बांध्यांत गहू पेरायचा की हरभरा, हे आमच्याकडे ठरत नाही. त्रिपुरी पौर्णिमा होऊन गेलेली असते, यात्रेतली पाळणेवाली मंडळी बांबू सोडून ट्रकवर चढवत असतात, सकाळी शाल लागते आणि दहा वाजता ती काखेत येते. असे थोडेच दिवस असतात. त्यानंतर मळणी सुरू झाली की घराबाहेर पडणं होत नाही.

मामाजी म्हणजे माझे सासरे. पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. नहरावर, म्हणजे कालव्यावर, फिरायचं, कोणत्या गावाला किती वेळ पाणी जाईल ते बघायचं, गेट उघडायचं, बंद करायचं, फुटलेला काठ बुजवायचा, ही त्यांची नोकरी. अख्खं आयुष्य खिंडसीचं पाणी खालच्या गावांना पोचवण्यात गेलं. निवृत्तीला बरीच वर्षं झाली, तरी अजून नहराच्या पुलावरून जाताना ते गाडी थांबवायला लावतात आणि खाली वाकून बघतात. आमचं गाव तालुक्याच्या खालच्या अंगाला, मौद्याच्या दिशेनं. नहराच्या भाषेत आम्ही टेलची, म्हणजे शेवटच्या टोकाची, माणसं. वरच्यांचं भिजून उरलं तर आमचं.

यांची नोकरी बुटीबोरीला, एमआयडीसीत. रविवारी येतात, सोमवारी पहाटे जातात. त्यामुळे शेती आता माझ्याकडे आहे. बियाणं, खत, मजुरांचे पैसे, सोसायटीचं कर्ज, सगळं मीच बघते. तेव्हा गडावर जायचं ते मामाजी आणि मी. आधी ते एकटेच जायचे. नंतर गुडघे बोलायला लागले, म्हणून सोबत म्हणून मी गेले, आणि आता मला स्वतःलाच ते बघितल्याशिवाय करमत नाही.

गडावर गाडी जाते. चांगली डांबरी सडक आहे, वर गाड्या उभ्या करायला जागा आहे, तिथून थोड्या पायऱ्या चढल्या की देऊळ. बहुतेक लोक तसेच जातात आणि दर्शन घेऊन अर्ध्या तासात खाली येतात. म्हाताऱ्या माणसांसाठी ती सडक हवीच. पण ज्यांचे पाय धड आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, एकदा तरी अंबाळ्याकडून पायी चढा. रामटेकचा डोंगर घोड्याच्या नालासारखा वळलेला आहे आणि त्या वळणाच्या आत, तळाशी, अंबाळा तलाव आहे. तलावाच्या काठावरून जुन्या दगडी पायऱ्यांची लांब वाट वर निघते. गाडीनं गेलात तर डोंगराचा हा आकार कळतच नाही. खालून चढताना मात्र पाणी आधी शेजारी असतं, मग पायाखाली येतं, मग झाडांआड जातं, आणि अगदी वर गेल्यावर पुन्हा सगळंच्या सगळं समोर येतं. हा डोंगर खूप उंच नाही. पायथ्यापासून शेदीडशे मीटरचाच खेळ. पण भोवती सगळी सपाट धानपट्टी असल्यामुळे एवढ्या उंचीवरूनही फार लांबवर दिसतं.

आम्ही सकाळच्या एसटीनं रामटेकला उतरलो आणि ऑटोनं अंबाळ्याला आलो. ऊन अजून डोंगराच्या आत उतरलेलं नव्हतं. पाण्यावर धुकं होतं आणि पलीकडच्या काठाची देवळं कमरेपासून वर तेवढी दिसत होती. घाटावर एक कुटुंब दहाव्याला आलं होतं. न्हाव्यापुढे ओळीनं बसलेली मुलं, तांब्याची भांडी, पिंडासाठी मळलेली कणीक, एक बाई बाजूला पदर डोक्यावर घेऊन. आमच्या भागात माणूस गेलं की अस्थी अंबाळ्यात येतात. अंबा राजाचा कोड इथल्या पाण्यानं गेला अशी कथा आहे, त्यावरून तलावाला नाव पडलं म्हणतात. भंडाऱ्याकडचे लोक येतात, शिवनी-बालाघाटकडचेही येतात.

सासूबाईंचंही इथंच झालं. मामाजी घाटाच्या त्याच पायरीवर जाऊन बसले, चप्पल बाजूला काढून, पाय पाण्याच्या वर ठेवून. मी थोडी मागे थांबले. त्यांनी ओंजळभर पाणी उचललं, सोडलं आणि उठले. "चाल बाई, ऊन होईन मंग," एवढंच म्हणाले. सासूबाई असताना हा दिवस त्यांचाही असायचा. त्या चढत नसत, पण डब्यात काय द्यायचं ते आदल्या रात्री ठरवत. आता तो डबा मी करते, त्यांच्या पद्धतीनं: पोळ्या, आलूची कोरडी भाजी, जवसाची चटणी, आणि वरून फल्लीदाण्याचा लाडू, मामाजींना गोड लागतं म्हणून.

पायऱ्या रुंद आहेत, पण सारख्या नाहीत. काही दगड खचलेत, काही पावसाच्या पाण्यानं गुळगुळीत झालेत. पावसाळ्यात इथं जपून जायला लागतं. कार्तिकात मात्र सगळं कोरडं आणि घट्ट असतं. दोन्ही बाजूंना रायमुनियाची झुडपं माजली आहेत. मला ती खुपतात, कारण त्यांच्याखाली दुसरं काही उगवत नाही. पण त्यांच्या मधूनच सिताफळाची झाडं डोकं काढतात. शेवटची सिताफळं फांद्यांवर काळी पडून राहिली होती, पाखरांनी आतून पोखरलेली. तरोट्याच्या शेंगा वाळून तडकत होत्या. कुसळं माझ्या साडीच्या काठाला अशी चिकटली की घरी आल्यावर संध्याकाळ ती काढण्यात गेली. सालईचं पांढुरकं खोड, त्यावरची कागदासारखी सुटणारी साल, पळसाची जून, भोकं पडलेली पानं. मामाजी प्रत्येक झाडाला हात लावत चालतात. त्यांच्या हातात काठी असते, पण तिचा उपयोग चालण्यापेक्षा वानरांसाठी जास्त. वानरं इथं खूप आहेत आणि त्यांना पिशवी ओळखता येते. डबा पोटाशी धरून, वरून शाल गुंडाळून न्यायचा, हे नव्यानं जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

वाटेत मध्ये एक सपाट जागा आहे, दगडी कठड्यासारखी. तिथं आम्ही नेहमी बसतो. खाली अंबाळा पूर्ण दिसतो, काठाच्या देवळांची शिखरं आणि पाण्यातली त्यांची उलटी प्रतिमा. आता धुकं सुटलं होतं. इथं बसलं की मामाजींच्या नहराच्या गोष्टी निघतात, आणि मला त्या दरवर्षी ऐकायच्या असतात, कारण दरवर्षी त्यात काहीतरी नवीन निघतं.

या वेळी त्यांनी अश्विनातल्या रात्रींचं सांगितलं. पाऊस निघून गेलेला असतो आणि भारी धान निसवायच्या बेताला आलेलं असतं. नेमकं तेव्हा बांधीत पाणी नसेल तर लोंब पोकळ राहते, दाणा भरत नाही. तो एक आठवडा सगळा तालुका नहराकडे डोळे लावून असतो. वरच्या गावाची पाळी रात्री संपते, खालच्या गावाची सुरू होते, आणि त्या मधल्या वेळेत वरचे लोक तोंडाशी गवताचे पेंढे, मातीची ढेपं टाकून पाणी आपल्याकडे वळवून घेतात. मामाजी कंदील आणि कुदळ घेऊन काठानं चालत जायचे. वरपासून टेलपर्यंत. एकेक तोंड मोकळं करत.

"भांडण होत नव्हतं का, मामाजी?" मी विचारलं.

"होत नाही तं! पन मी भांडत नव्हतो. मी सांगो, तुह्या धानाले कालच पाणी झालं, मी डोळ्यानं पाह्यलं. त्याच्या धानाले आज नाही भेटलं तं उद्या त्याची लोंब पांढरी पडते. तू येऊन त्याले सांग, म्या तुहं पाणी घेतलं म्हणून. कोनी येत नव्हतं सांगाले."

थोडं थांबून त्यांनी पुढं सांगितलं, "एक मानूस आला होता. गेला थो अन् सांगून आला. मंग त्या दोघाईची सोयरीक झाली."

ही सोयरीकीची गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकली. कोणत्या गावची, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

टेलच्या गावात लग्न होऊन आले तेव्हा मला नहर म्हणजे फक्त कपडे धुवायची जागा वाटायची. माझं माहेर काटोलकडचं, संत्र्याच्या बागांचं. तिथं पाणी विहिरीचं आणि बोअरचं, ज्याचं त्याच्या मालकीचं. इथं ते वरून येतं, दुसऱ्यांच्या शेतांतून येतं, आणि कुणाच्या तरी शब्दावर येतं. हा फरक अंगात भिनायला मला बराच काळ लागला.

वर पोचलो की पहिली थांबायची जागा नरसिंहाची जुनी देवळं. राममंदिराच्या गर्दीतले फार थोडे लोक इकडे वळतात, आणि मला वाटतं रामटेकला येऊन ही देवळं न बघता जाणं हे मोठं नुकसान आहे. केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह. दोन्ही वाकाटकांच्या, विदर्भातल्या जुन्या राजघराण्याच्या, काळातली, म्हणजे पाचव्या शतकाच्या आसपासची. बाहेरून साधी, ठेंगणी, लाल दगडाची. आत नरसिंह बसलेला आहे, रुंद अंगाचा, एकटा. हिरण्यकश्यपू नाही, फाडलेलं पोट नाही, राग नाही. हातात चक्र आहे. मुलांना घेऊन गेलं तर त्यांना भीती वाटत नाही, उलट जवळ जावंसं वाटतं.

केवल नरसिंहाच्या देवळात एक शिलालेख आहे. १९८० च्या दशकात तो अभ्यासकांपुढे आला. बराच झिजलेला, तुटलेला आहे, पण हान्स बाकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी जे वाचलं त्यातून एक गोष्ट पुढं येते. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता गेल्यावर तिच्या मुलीनं आईच्या स्मरणार्थ इथं देऊळ उभारलं. आणि त्याच लेखात एक तलाव बांधल्याचंही आहे. तलावाचं नाव सुदर्शन.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तिथं पुन्हा गेले होते, मुद्दाम, त्या भिंतीसमोर उभी राहायला. प्रभावतीगुप्ता म्हणजे गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, रुद्रसेन वाकाटकाची बायको. नवरा लवकर गेला, मुलं लहान, आणि तिनं त्यांच्या वतीनं राज्य चालवलं. राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आजचं नगरधन, गडावरून दक्षिणेला नजर टाकली की त्याच बाजूला. तिथं २०१५ ते २०१८ मध्ये उत्खनन झालं, त्यात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मिळालेल्या तिच्या ताम्रपटात दान रामगिरीच्या स्वामीच्या पायापाशी दिलं असं कोरलेलं आहे. म्हणजे ती बाई इथं येत होती. याच डोंगरावर. नवऱ्यामागे कारभार सांभाळणारी बाई. आणि तिच्या मुलीनं आईसाठी काय केलं, तर देवाबरोबर पाणीही दिलं.

सुदर्शन हे नाव तिच्या आजोळच्या राज्यातही होतं. गुजरातेत गिरनारच्या पायथ्याला सुदर्शन नावाचा तलाव मौर्यांच्या काळापासून होता, तो फुटायचा आणि राजे तो पुन्हा बांधायचे, तसे लेख तिथल्या खडकावर आहेत. विदर्भातल्या राजकन्येनं तेच नाव का घेतलं असेल, देवाच्या हातातल्या चक्रावरून की गिरनारच्या त्या तलावावरून, याचा विचार करत मी त्या गार दगडी मंडपात बराच वेळ बसते. मामाजींना वाकाटकांचं काही नाही. पण तलावाचं सांगितलं तेव्हा त्यांनी मान वर केली.

"पाळ मातीची होती का दगडाची?"

"ते लेखात नाही, मामाजी."

"मातीचीच असन. आपल्याकडं माती चांगली बसते. दगड कोन आणन येवढा?" मग देवळाबाहेर येऊन त्यांनी उतारावरून खालची दरी नीट न्याहाळली, जणू त्या पाळेची, तलावाच्या बांधाची, जागा तिथंच कुठंतरी सापडणार होती.

पुढं वराह दरवाजा. तिथला प्रचंड वराह, त्याच्या पायांमधून सरपटत जाणारी माणसं, जाड माणूस अडकला की भोवतालच्यांचा गलका. पापी माणूस अडकतो म्हणतात. मामाजी अजूनही त्यातून न अडकता सरळ निघून जातात. मग सिंहपूर दरवाजा, भैरव दरवाजा, गोकुळ दरवाजा, एकामागून एक, आणि शेवटी लक्ष्मणाचं आणि रामाचं देऊळ. गडाचं आजचं रूप बरंचसं नागपूरकर भोसल्यांच्या काळातलं आहे. दर्शन झालं. पुजाऱ्यानं मामाजींना ओळखलं, चौकशी केली. कालिदास स्मारक या वेळी आम्ही टाळलं. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं वा. वि. मिराशींनी मांडलं, आणि आम्हा विदर्भातल्या लोकांना ते मनापासून पटलेलं आहे. पण मेघदूतासाठी आषाढात यावं. कार्तिकात आकाशात ढगच नसतो.

देवळामागच्या तटावर गेलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. ही वेळ मुद्दाम साधायची असते. खिंडसी उगवतीकडे आहे. लवकर गेलात तर सूर्य डोळ्यांत येतो आणि पाणी म्हणजे नुसता चमचमाट दिसतो, काठ दिसत नाही. मामाजींना पाण्यापेक्षा काठ बघायचा असतो.

खिंडसी हे सूर नदीवरचं धरण. इंग्रजांच्या काळात, १९१३ साली झालं. मातीची पाळ, दोन्हीकडे टेकड्या, आणि त्यांच्या खाचांमध्ये घुसलेलं पाणी. वरून बघितलं तर ते कुणी बांधलेलं आहे असं वाटतच नाही. निळं नाही, हिरवटही नाही, या दिवसांत ते पोलादी दिसतं. मध्ये झाडी असलेले उंचवटे. सूर नदी पुढं भंडारा जिल्ह्यात वैनगंगेला मिळते, पण त्याआधी तिचं पाणी इथं अडवून धानाला दिलं जातं. शंभर वर्षांच्या वर झालं, या पाण्यावर या भागाचा धान उभा आहे. आमच्या ताटातला भात तिथून येतो. हे मला माहीत होतंच. पण पाणी, नहराची झाडीची रेघ, तिच्या खालची पिवळी कापणी झालेली शेतं, आणि पार टोकाला आमच्या गावचा धूसर पट्टा, हे सगळं एका नजरेत येतं तेव्हा ते माहीत असणं वेगळंच होऊन जातं. त्यासाठी मी चढते.

मामाजींचं बघणं असं असतं. आधी ते झाडांची ओळ शोधतात, जिथपर्यंत भरलेल्या वर्षी पाणी लागतं. मग पाण्याची आजची कड. या दोन्हींच्या मध्ये उघडी पडलेली जमीन किती रुंद आहे, ते बघतात. तिचा रंगही बघतात. काळपट ओली असेल तर पाणी आत्ताच उतरलंय, पांढरी पडली असेल तर केव्हाच उतरलंय. मग बघतात, गाळपेर करणारे उतरलेत का. धरणाचं पाणी मागं सरकलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक पेरणी करतात. कार्तिकातच तिथं नांगर दिसायला लागले तर समजायचं, उन्हाळा जड जाणार.

मी मोबाईलवर साठ्याची टक्केवारी काढून दाखवली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली, हे मला सांगायलाच हवं. ते मोबाईलला नावं ठेवणाऱ्यांतले नाहीत.

"टक्के बरोबर असन. पन गाळ किती साचला थे त्याच्यात येते का? शंभर वर्साचा गाळ हाये बुडाले. मी जवा लागलो नोकरीले, तवा थ्या उंचवट्याच्या अलीकडं नाव चालत होती. आता बगळे उभे राह्यते."

मी बघितलं. खरंच, उंचवट्याच्या अलीकडे पांढरे ठिपके होते, ओळीनं, आणि ते तरंगत नव्हते, उभे होते. मला ती टक्केवारी आणि हे बगळे, दोन्ही हवेत. कालवा सल्लागार समितीची बैठक टक्केवारीवर पाळ्या ठरवते, आणि त्या पाळ्या आमच्या टेलपर्यंत पोचतील की नाही, हे बगळ्यांवरून कळतं.

मावळतीकडे मनसरच्या बाजूला मँगनीजच्या खाणींचे ढिगारे दिसतात, काळसर, सपाट माथ्याचे. तिकडेच हिडिंबा टेकडी आहे, तिथंही वाकाटकांच्या काळातलं मोठं बांधकाम उत्खननात निघालं, आणि तिच्याही पायथ्याला तलाव आहे. या मुलखात जिथं जुनी वस्ती, तिथं तलाव आहेच. पूर्वेकडे भंडारा-गोंदियाकडे गेलं की तलावांना अंतच नाही. मोठी नदी लांब, पाऊस चार महिन्यांचा, पीक धानाचं. साठवल्याशिवाय इथं जगता येत नव्हतं.

तटाच्या सावलीत डबा उघडला. एक वानर भिंतीवर येऊन बसलं, मामाजींनी काठी नुसती आडवी ठेवली, तेवढ्यानं ते तिथंच थांबलं. जेवताना रब्बीचं बोलणं झालं. यांचं म्हणणं फोनवर आधीच आलं होतं: गहू पेरू, घरचं खायला होईल आणि भावही बरा आहे. मी मामाजींना विचारलं नाही, आधी माझं सांगितलं. गव्हाला पेरणीपासून साधारण २१ व्या दिवशी पहिलं पाणी लागतं, मुकुटमुळं फुटायच्या वेळी, आणि त्यानंतरही चार-पाच पाणी द्यावी लागतात. म्हणजे नहराच्या पाळ्या नेमक्या तारखांना यायला हव्यात. एक चुकली तर दाणा बारीक. हरभऱ्याला फुलोऱ्यात एक आणि घाटे भरताना एक, दोन पाण्यांत भागतं. धानाच्या बांधीत ओल धरलेली असेल तर एकातही. धरणाकाठची उघडी जमीन मी बघितली होती, पांढरी पडलेली होती. फार रुंद नव्हती. पण पांढरी होती.

"मंग?" मामाजी म्हणाले.

"खालच्या सगळ्या बांध्यांत हरभरा. विहिरीजवळच्या एकाच बांधीत गहू, घरच्यापुरता. आणि काठाच्या बांधीत लाखोरी आहेच, ती धान उभा असतानाच टाकली होती."

त्यांनी लाडू अर्धा करून माझ्याकडे सरकवला. "मीबी तेच म्हनत होतो. पन विहिरीजवळची नको घेऊ गव्हाले, थे बांधी चोपन हाये, पाणी मुरत नाही तिच्यात. तिच्या वरची घे."

उतरलो ते गावाकडच्या बाजूनं. या पायऱ्यांवर उभं ऊन असतं आणि गुडघ्यांना त्या अंबाळ्यापेक्षा जड जातात, म्हणून हळूहळू, थांबत. खाली शांतिनाथाच्या जैन मंदिराकडून बाजारात आलो. रामटेकचं पान प्रसिद्ध आहे. बारई समाजानं पिढ्यान्‌पिढ्या इथं पानवेली राखल्या. मामाजींनी एक पान लावून घेतलं, चुना कमी. मी चना-पोहे खाल्ले, वरून तर्री. दीड वाजताची गाडी मिळाली.

ज्यांना यायचं आहे त्यांच्यासाठी: नागपूरहून रामटेकला एसटी भरपूर आहेत, रेल्वेही येते. आठच्या आत अंबाळ्याला पोचा. पाणी सोबत घ्या, मध्ये मिळत नाही. यात्रेच्या आठवड्यात येऊ नका, पायऱ्यांवर बसायला जागा नसते. अंबाळ्याच्या घाटावर लोक आपल्या माणसांना निरोप द्यायला आलेले असतात, तिथं त्यांचे फोटो काढू नका. नरसिंहाच्या देवळात आत जा, डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा. आणि तटावरून खिंडसी अकरानंतर बघा.

घरी पोचल्यावर यांना फोन केला. हरभरा म्हटल्यावर थोडं थांबले, मग विचारलं, बाबा काय म्हणाले. मी सांगितलं, बाबांनी चोपण बांधी काढून टाकली, बाकी माझं ठरलंय. मंगळवारी मी कृषी केंद्रातून बियाणं आणलं, मर रोगासाठी ट्रायकोडर्माची भुकटी चोळून सावलीत वाळवलं. मळणीचं मशीन शुक्रवारी येतंय. ते झालं की पुंजण्यांची, धानाच्या गंजींची, जागा मोकळी होते आणि पेरणी सुरू.